उसन्या पोशाखातील कबड्डी

एखाद्या खेळाने आपल्याहून लोकप्रिय खेळाचा पोशाख अंगावर चढवावा, यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय बंदिस्त क्रीडागारात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, तेव्हा २००८ मध्ये सुरू झालेल्या आयपीएलचा आराखडा तेथे जवळजवळ जसाच्या तसा उभा होता. शहरांच्या नावांचे संघ, उद्योगपती व सिनेनट मालक, खेळाडूंचा लिलाव, प्रकाशझोत, कर्णकर्कश संगीत आणि दूरचित्रवाणीच्या सोयीने बेतलेले वेळापत्रक यांपैकी काहीही कबड्डीचे स्वतःचे नव्हते. गंमत अशी की, ज्या क्रिकेटचे हे अनुकरण, ते क्रिकेट मात्र पाच दिवसांचा पसारा आवरून वीस षटकांत आले होते. म्हणजे कबड्डीसारखेच आटोपशीर होऊ पाहत होते.

या अनुकरणाने खेळाडूंचे भले झाले, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. लीगच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेशकुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. रेल्वेतील वा एखाद्या कंपनीतील खेळाडूंसाठी राखलेली नोकरी हीच ज्या खेळातील सर्वोच्च आकांक्षा होती, त्या खेळात हे घडले. लालबाग, परळ, प्रभादेवीच्या चाळींतील कित्येक पिढ्या अशा एखाद्या नोकरीच्या आशेने अंगाला माती लावून घेत आल्या. तेव्हा ‘मातीतला खेळ मातीतच राहू द्या’ असे गादीवर बसून सांगणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हांस बसावयाचे नाही. मॅटही काही लीगने आणलेली नव्हे. आंतरराष्ट्रीय सामने तिच्यावर आधीपासूनच होत होते.

प्रश्न आहे तो खेळाच्या अंतरंगाचा. हुतूतूत घड्याळाचे काम श्वास करीत असे. चढाई करणाऱ्याचा दम टिकेल तोवर त्याची चढाई. दम गेला की गडी बाद. प्रेक्षकांचे डोळे त्याच्या पावलांवर असत आणि कान त्याच्या घुमण्यावर. लीगमध्ये प्रत्येक चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. ‘कबड्डी’चा उच्चार नियमाने आजही अनिवार्य असला, तरी त्या गोंगाटात तो ऐकू येतो कोणाला? लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाही तर गडी बाद, हा नियम घ्या. किंवा तीन वा त्याहून कमी गडी उरले असता केलेल्या पकडीस मिळणारा जादा गुण घ्या. त्यांनी खेळ चुरशीचा झाला, रटाळ वेळकाढूपणा आटोक्यात आला. ही सुधारणा खरीच. पण २०२५ च्या मोसमापासून साखळी सामन्यांतील बरोबरीही निकाली काढण्यात येऊ लागली. दोन तुल्यबळ संघांनी समसमान गुणांवर थांबावे, हे खेळाला मंजूर होते. प्रक्षेपणाला ते मंजूर नसावे.

खो-खोने तर याही पुढचे पाऊल टाकले. २०२२ च्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत ‘वजीर’ नावाचा, कोणत्याही दिशेने धावू शकणारा आक्रमक आला. दिशा एकदा धरली की बदलता येत नाही, या बंधनावरच ज्या खेळाची सारी बुद्धिमत्ता उभी, त्या खेळात हा अपवाद आला. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांत घडलेल्या जुन्या खो-खोपटूंना तो कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

परंतु नियमांपेक्षा आम्हांस अधिक सलते ती वेगळीच गोष्ट. आयपीएलचे अनुकरण करताना कबड्डीने त्यातील एक महत्त्वाचा भाग मात्र नीट उचलला नाही, तो म्हणजे घरचे मैदान. वानखेडेवर मुंबईकर आपल्या संघाला दर वर्षी पाहतो. यू मुंबाचे काय? २०२४ चा मोसम हैदराबाद, नोएडा व पुणे येथे झाला. २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे. मुंबईचे नाव मिरविणाऱ्या संघाचा मुंबईत दोन मोसम एकही सामना नाही! संघात स्थानिक किती, हा प्रश्न विचारण्याचीही सोय नाही, कारण लिलावाच्या बाजारात हरियाणाचे मल्ल वरचढ आहेत. आणि ते गुणांवर वरचढ आहेत, हे मोकळेपणाने मान्य करावे.

मग येथील मुलाने खेळावे कोठे? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे आले. गिरणगावात रात्री दिवे लावून सामने भरवावेत अशा मोकळ्या जागा उरल्या थोड्या. मॅटवरचा खेळ शिकायचा तर मॅट हवी, ती अंथरायला छप्पर हवे. गल्लीतल्या मंडळाला हा खर्च पेलण्याजोगा नाही. मातीवर वाढलेला मुलगा निवड चाचणीत मॅटवर प्रथमच उभा राहिला, तर त्याचा पाय घसरणार की बसणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

लीगच्या चालकांनी प्रत्येक संघाने आपल्या शहरात काही सामने खेळलेच पाहिजेत, अशी अट घालावी. महापालिकेने मध्य मुंबईतील आपल्या बंदिस्त सभागृहांपैकी काही तरी, लग्नसराई वगळून का होईना, संध्याकाळी कबड्डी मंडळांना मॅटसह उपलब्ध करून द्यावीत. आणि राज्य संघटनेने निवड चाचण्यांपूर्वी मातीवरच्या मुलांना निदान महिनाभर मॅटवर सराव मिळेल, अशी व्यवस्था करावी. यांतील एकाही गोष्टीसाठी नवा नियम शोधावा लागत नाही.