बिनतारखेची मदतपाने

लासलगावच्या कांदा बाजाराच्या आसपास वाढलेल्या मुलाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : तारखेवाचून भावाला अर्थ नाही. किमान, कमाल आणि सर्वसाधारण हे तीन आकडे कितीही अचूक असोत. ते कोणत्या दिवसाचे, लाल कांद्याचे की उन्हाळचे, हे ठाऊक नसेल तर त्यांच्या भरवशावर कुणी ट्रॉली भरत नाही. हाच मुलगा महाविद्यालयात येतो, संगणकावर मराठी कसे लिहावे याचे मार्गदर्शन महाजालावर शोधतो आणि तेथे सापडलेल्या बिनतारखेच्या पानावर निमूटपणे विश्वास ठेवतो. प्रस्तुत लेखकाचा रोष त्या मुलावर नाही. पान लिहून विसरून गेलेल्यांवर आहे. आणि त्यांत आपण मराठीचे अध्यापकही आलो.

गेल्या वर्षी पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने अशाच एका मदतपानाची छापील प्रत माझ्यापुढे ठेवली. विंडोज एक्सपीमध्ये भाषांची खिडकी उघडा, अमुक चौकटीत खूण करा, मूळ सीडी घाला. तिच्या संगणकाला सीडी घालण्याची सोयच नव्हती. "सर, माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. एक्सपीला आधार देणे मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच थांबवले. आजच्या संगणकात देवनागरीची सोय मुळातच असते. तिचे काहीही चुकत नव्हते. तरी कालबाह्य पानाने दोष तिच्या पदरी घातला होता.

अर्थात, जी सूचना उघडउघड निकामी झाली आहे ती फारशी घातक नसते. ती पहिल्या पायरीलाच अडते. घातक असते ती चालते असे वाटणारी जुनी सूचना. 'ॲ' हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली, दाखल झाले. तोवर कुणी 'अ'वर चंद्र चढवीत असे, कुणी 'ऍ'वर भागवीत असे. त्या काळी ती तडजोड रास्तच होती. आज 'अ' आणि चंद्र अशी जोडणी करू नये असे युनिकोडच सांगते. 'कोपऱ्यात', 'वाऱ्यावर' यांतील अर्ध्या 'र'चीही हीच कथा. जुनी रीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी. दुसरी रीत खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त अशी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण साध्या शोधाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. दोन विद्यार्थ्यांनी दोन पानांवरून टंकलेखन शिकून एकच बोलीकोश तयार केला, तर 'कोपऱ्यात' शोधणाऱ्याला निम्मेच दाखले मिळतील. आणि उरलेले निम्मे अस्तित्वात आहेत अशी शंकाही त्याला येणार नाही. ही भाषेच्या सामग्रीची हानी नव्हे काय?

यावर दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले : ही कामे हौशी मंडळींनी फुकट केली, त्यांना बोल लावू नये. त्यांचे ऋण मान्यच आहे. परंतु पानाच्या माथ्यावर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक लिहायला कितीसे श्रम पडतात? दुसरे उत्तर अधिक आकर्षक आणि म्हणून अधिक धोक्याचे : जुने सारे काढून टाका. युनिकोड येण्यापूर्वी आणि नंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर नाना टंकांत कोंडला गेला. मूळ टंक नसेल तर त्या धारिका उघडल्यावर अगम्य चिन्हांच्या रांगा दिसतात. ती कुलुपे उघडण्याच्या किल्ल्या त्या जुन्या पानांतील कळफलकांच्या तक्त्यांतच आहेत. पान पुसणारा हात ती किल्लीही विहिरीत टाकतो.

मग करावे काय? स्वतः युनिकोडनेच ते करून दाखवले आहे. अर्ध्या 'र'ची जुनी रीत तिने नियमांतून खोडली नाही. १९९६ च्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ती ठेवली आहे, असे कारणासकट नोंदवले. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तिची माहितीपुस्तिका संकेतस्थळावर आजही आहे; पण ही आवृत्ती जुनी असून तिला आता आधार नाही, असा इशारा वाचकाला माथ्यावरच भेटतो. जुने ठेवायचे, पण जुने म्हणून ठेवायचे. शेजारी नव्याचा दुवा द्यायचा.

हे आपल्याला नवे का वाटावे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. तिच्यात न स्वीकारलेले पाठ फेकून दिलेले नाहीत, तळटीपांत कोणत्या पोथीतले ते सांगून जपले आहेत. एम.ए.च्या वर्गात आपण पाठचिकित्सा शिकवतो, आणि संगणकाच्या मदतपानाचा विषय निघाला की ते तंत्रज्ञांचे काम म्हणून हात झटकतो! तंत्रज्ञ प्रणाली बदलील. कोणता मजकूर कोणत्या काळाचा, कुणाला अजून लागेल, कुणाची दिशाभूल करील, हे ठरवणे म्हणजे संपादन. त्यासाठी मराठी विभागाखेरीज दुसरे कोण लायक आहे?

तेव्हा समव्यवसायी मित्रांना विनंती इतकीच : यंदाच्या प्रकल्पांत 'कवितेतील निसर्ग' एखाद्या वर्षी राहू द्या. विद्यार्थ्यांना मराठी टंकलेखनाची दहा मदतपाने द्या. प्रत्येकाची तारीख शोधायला, सूचना ताडून पाहायला आणि कालबाह्य काय ते पानाच्या कर्त्याला कळवायला सांगा. आमच्या गावची मुले हे काम चोख करतील. कालचा भाव आजचा म्हणून सांगणारा माणूस त्यांना लांबूनच ओळखू येतो.