प्रेमळ, कष्टाळू... आणि पुढे?

हल्ली पेपर आला की मी आधी आतले पान उघडते. वयच तसे आहे! चौकटीत फोटो असतात, डोक्यावर पदर घेतलेले, आणि खाली तोच मजकूर : प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, मायेचा सागर. आज्या दहा असल्या तरी विशेषणे तीच चार. फोटो आपसांत बदलले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. मला याचा राग येतो. जन्मभर मराठी शिकवल्याचा हा परिणाम असावा. 'माझी आई फार प्रेमळ आहे' हे वाक्य मी मुलांना निबंधातून खोडायला लावत असे. ती काय करते ते लिहा, म्हणायची.

कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाबद्दल चांगलेच बोलावे. बोला की! पण साने गुरुजींचे 'श्यामची आई' पाहा. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक. आपण त्याचे नाव घेऊन आईला देव्हाऱ्यात बसवतो, गुरुजींनी मात्र प्रसंग सांगितले आहेत. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपते, हेही त्यांनी लपवलेले नाही. म्हणून तर ती बाई आपल्याला दिसते.

माझी आई २००९ साली गेली. जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात आयुष्य गेले, शाळेचे तोंड पाहिले नाही. दुधाचा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांत असे. गवळ्याने महिनाअखेरी वाद घातला की ती त्याला भिंतीपुढे उभा करी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाई, सुकडी पदरात बांधून आणी, आणि तांबड्या मिलोची भाकरी थापताना त्या ज्वारीचा मनसोक्त उद्धार करी. सोशिक? छे! मॅट्रिक झाल्यावर माझे लग्न ठरवायला निघालेल्या वडिलांशी ती दोन महिने बोलली नाही. वह्या-पुस्तकांचे आणि एसटीच्या पासाचे पैसे म्हशीच्या तुपातून काढले, आणि मी बी.ए. झाले.

पुढे मला तालुक्याच्या गावी नोकरी लागली, दोन मुले झाली. पाळणाघर हा शब्दही तिथे कोणाला ठाऊक नव्हता. आई येऊन राहिली ती मुले कॉलेजात जाईपर्यंत. लोक म्हणत, 'आजी नातवंडांत रमली.' रमली म्हणे! आंघोळी, घुटी, मेतकूट-भात, रात्रीची तापातली जागरणे, दारावरचा भाजीवाला, वर बिबड्या आणि सांडगे. मी अकरा ते पाच शाळेत असे, ती पहाटे पाचपासून कामावर. माझ्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिकांच्या, नर्सबाईंच्या घरी अशीच एक आई किंवा सासू होती. आमच्या पगारपत्रकावर तिचे नाव नव्हते, निवृत्तिवेतन आम्हाला मिळाले. याला 'माया' म्हटले की हिशेब मिटतो, आणि सगळ्यांना ते सोयीचे असते.

आईला ते सोयीचे वाटत नव्हते. माझा पगार झाला की ती हात पुढे करी, 'माझा पगार?' वीस रुपये. नातेवाइकांना हे फार लागे, लेकीकडून पैसे घेते म्हणून. ती घेत असे, डब्यात ठेवत असे, आणि त्या पैशांनी एकटी एसटीत बसून मुक्ताईच्या यात्रेला जाऊन येई. कोणाला विचारायची नाही, फक्त सांगायची. तिच्या तेराव्याला जी भाषणे झाली त्यांत हा डबा कुठेच नव्हता. सगळी माया, सगळा त्याग.

आमच्याच भागातले उदाहरण सांगते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात आणि घरात काम करता करता गाणी रचत. मुलगा सोपानदेवांनी त्यांतली काही उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापली गेली. सोपानदेवांनी नुसते 'आई फार प्रेमळ होती' एवढेच जपले असते तर? आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. घरोघरी बहिणाबाई नसतात, मान्य. पण घरोघरी एखादी भिंत, एखादा डबा असतोच ना?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावापाठोपाठ आईचे नाव येते, मग वडिलांचे. चांगले झाले. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आईच्या नावाला रकानाच नव्हता. पण रकान्यात मावते ते नाव. बाकीचे घरच्यांनीच लिहायचे असते, आणि तेही लवकर, कारण आठवणारी माणसे भराभर कमी होतात.

मी दोनशे पानी वही केली आहे. भाऊ म्हणतो, भिंतीवरच्या रेघा आडव्या होत्या. मला उभ्या आठवतात. धाकट्या बहिणीला उद्या फोन करून विचारणार आहे.