बढतीने हिरावलेला हक्क

शहरातील उपाहारगृहात टेबलाशी येऊन ऑर्डर घेणारा, वाढप्यांना कामे वाटून देणारा आणि ग्राहकाची तक्रार प्रथम झेलणारा माणूस म्हणजे कॅप्टन. हुद्द्याने तो पर्यवेक्षक. मालक त्याला कामगारांत धरत नाही. कामगार त्याला मालकाचा माणूस समजतात. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या, तरी त्याची ही त्रिशंकू अवस्था संपलेली नाही.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षकाला कामगार मानण्यासाठी वेतनमर्यादा होती. दीर्घकाळ १,६०० रुपयांवर गोठलेली ही मर्यादा २०१० मध्ये १०,००० रुपये झाली. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने ती १८,००० रुपयांवर नेली. त्याहून अधिक वेतनाचा पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. किमान वेतन आणि ग्रॅच्युइटी यांचे संरक्षण त्याला आहे. पण कामावरून काढले तर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा, कपातीची नोटीस व भरपाई मिळण्याचा हक्क त्याला उरत नाही.

विसंगती अशी, की ही मर्यादा केवळ पर्यवेक्षकालाच आहे. २०,००० रुपये मिळविणारा आचारी कामगारच राहतो. १९,००० रुपयांचा कॅप्टन राहत नाही. वाढप्याचा कॅप्टन झाला, की पगारात हजार-दोन हजारांची भर पडते आणि कायद्याचे छत्र जाते.

जबाबदारी मात्र वाढतच आहे. केंद्रीय किंवा राज्य परवाना असलेल्या अन्नव्यवसायात दर २५ अन्नहाताळणी कर्मचाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे धोरण आहे. स्वच्छता, साठवण, कर्मचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी यांच्या नोंदी पाहणे या पर्यवेक्षकाकडेच येते.

हुद्द्याचे नाव नव्हे, तर कामाचे मुख्य स्वरूप निर्णायक, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार मांडले आहे. गर्दीच्या वेळी स्वतः ताटे उचलणारा, कोणाची रजा मंजूर करण्याचाही अधिकार नसलेला कॅप्टन त्यामुळे कामगार ठरू शकतो. पण ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो, आणि नोकरी गमावलेल्याला ती लढाई परवडत नाही.

यावर दोन उपाय नव्या संहितांतच आहेत. वेतनमर्यादा अधिसूचनेद्वारे बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. तो महागाईच्या निर्देशांकाशी सांगड घालून नियमितपणे वापरला जावा. दुसरे, नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. त्यात केवळ हुद्दा न लिहिता प्रत्यक्ष कामे व अधिकार स्पष्ट नोंदविले जावेत. कॅप्टन म्हणविणाऱ्यांनीही बढतीचा कागद स्वीकारण्यापूर्वी तो नीट वाचावयास हवा. पगाराचा आकडा पाहताना त्या आकड्याबरोबर काय जाते, हेही पाहणे आता त्यांच्या हिताचे आहे.