आटपाट नगरातले परग्रहवासी

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या रात्री हॉस्टेलची लाईट गेली आणि आमच्या रूमवर एक इंग्रजी श्राव्य नाटक ऐकायचा कार्यक्रम झाला. गोष्ट सरळ होती. संशोधकांची एक टोळी घनदाट जंगलात शिरते. एकेक जण हरवतो आणि परत येतो. पण परत आलेला तो नसतोच! आवाज तोच, आत मात्र परग्रहावरचा तोतया. त्या रात्री आमचा रूम पार्टनर पाणी भरायलासुद्धा एकटा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ठरलं, गॅदरिंगला असं नाटक आपण मराठीत करायचं. जंगल कुठलं घ्यायचं? कुणी ॲमेझॉन म्हणालं, कुणी आफ्रिका. मी म्हणालो, "आटपाडी." सगळे हसले. "अरे, तुमच्याकडं बाभळीशिवाय आहे काय?"

त्या हसण्याला उत्तर म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, आटपाडीला जंगल आहे. 2023 साली सरकारने तिथलं सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. लांडगे, कोल्हे, ससे तिथे राहतात. वाघ नाही, मान्य. पण श्राव्य नाटकात वाघ दिसतो कुणाला? रात्री माळावर लांडगा ओरडला की पुरे.

दुसरी गोष्ट, जंगल आणि रेडिओ या दोन्हींचा माणूस आमच्याच तालुक्याचा. व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे. 'बनगरवाडी' सगळ्यांना माहीत असते. पण त्यांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात बरीच वर्षे नोकरी केली, नागझिऱ्याच्या जंगलात राहून पुस्तक लिहिलं आणि 'सत्तांतर' या वानरांवरच्या कादंबरीला 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे किती जणांना ठाऊक असतं?

आता तोतयांबद्दल. त्यासाठी परग्रहावर जायची गरज नाही. पावशा "पेरते व्हा" म्हणून शेतकऱ्याला सांगतो, असं आपण मानतो. तोच पावशा आपलं अंडं सातभाईच्या घरट्यात घालतो आणि ते भोळे पक्षी परक्याचं पिल्लू आपलं समजून वाढवतात. रुईवर वाढणारं प्लेन टायगर हे फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागतं; म्हणून दुसऱ्या एका जातीची मादी हुबेहूब त्याचे रंग घेऊन फिरते. आणि आपला बहुरूपी? खोटा पोलीस होऊन दारात दरडावणारा, शेवटी हसून दाणे मागणारा. आजचे बहुरूपी व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा वेश करून येतात आणि लाखो रुपये घेऊन जातात. तो दाणे मागायचा, एवढाच फरक!

मराठी विज्ञानकथेतही एक गोड तोतया आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिला नंबर मिळाला. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा, जयंत विष्णू नारळीकर! 2025 साली ते गेले, पण आपल्या भाषेत विज्ञानकथा लिहायला कमीपणा नाही, हे ते शिकवून गेले.

अमेरिकेत 30 ऑक्टोबर 1938 रोजी ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक रेडिओवर केलं. मूळ कादंबरी इंग्लंडमधली. त्याने मंगळवासी उतरवले न्यू जर्सीतल्या एका लहानशा खेड्यात, म्हणून काही श्रोत्यांना ते खरं वाटलं. पुढे वर्तमानपत्रांनी घबराटीच्या बातम्या फुगवल्या, हा भाग वेगळा. मुद्दा असा, की भीती ओळखीच्या गावातच वाटते.

आता खरं कारण सांगतो. पहिल्या वर्षाला इथे आलो तेव्हा माझ्या "न्हाय" आणि "हाय"वर लोक हसायचे. ओरलला सरांसमोर तोंड उघडायची भीती वाटायची. मग मी घासूनपुसून "नाही", "आहे" बोलायला शिकलो. दिवाळीच्या आधी घरी फोन केला. "मी बरा आहे, तू कशी आहेस?" आजी जरा थांबली आणि म्हणाली, "कोन बोलतंय?" मी नाव सांगितलं, तरी तिने फोन वडिलांकडे दिला. आजीच्या लेखी परत आलेला तो मी नव्हतोच!

मग मी माझा आवाज परत आणला, "आजी, म्याच हाय की गं." तेव्हा कुठे ती हसली. "जेवलास का न्हाय?"

आज काही सेकंदांच्या नमुन्यावरून कुणाचाही आवाज संगणक बनवू शकतो. ते यंत्र उद्या माणदेशी बोलीही शिकेल. पण आजीने कशाला काय म्हणायचं ठरवलंय, कुठल्या शब्दाला आपण दोघं हसतो, हे त्याला घरात राहिल्याशिवाय कळणार नाही. आपली बोली आपणच टाकून दिली, तर खरा कोण हे ओळखायची खूणच जाते.

म्हणून नाटक होणार असेल तर आटपाडीतच होऊ द्या. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी रेकॉर्डिंग सांभाळावं, कोल्हापूर, जत, बीडवाल्यांनी आपापल्या बोलीत बोलावं आणि तोतयाचं काम शुद्ध बोलणाऱ्याला द्यावं. ते मी करीन, मला सराव आहे!