जळगाव-धुळ्यात इलेक्ट्रिक कार परवडते कोणाला? हिशोब सुरू होतो घरच्या मीटरपासून

जळगाव ते धुळे अंतर आहे साधारण ९५ किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं म्हटलं तर १९० किलोमीटर. आज बाजारात असलेल्या बऱ्याच इलेक्ट्रिक कार एका चार्जमध्ये ३०० किलोमीटरच्या पुढे जातो असा दावा करतात. मग खान्देशातल्या माणसाने ही गाडी घ्यायला हरकत काय?

प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर प्रत्येक घराचं वेगळं निघतं. भुसावळला रोज अप-डाऊन करणाऱ्या बँक कर्मचाऱ्यासाठी हा फायद्याचा सौदा ठरू शकतो. तीच गाडी महिन्यातून दोनदा बाहेर काढणाऱ्याचे पैसे नऊ वर्षांतही वसूल होत नाहीत. फरक कुठे पडतो, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सरकार नेमकं काय देतंय?

महाराष्ट्राचं नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मे २०२५ मध्ये लागू झालं. त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि २०३० पर्यंत नव्या वाहनांपैकी ३० टक्के इलेक्ट्रिक असावीत, असं लक्ष्य आहे. खरेदीदाराला यातले दोन फायदे सांगितले जातात.

पहिला फायदा मोटार वाहन कराचा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारवर ११ टक्के कर लागतो, म्हणजे १० लाखांच्या गाडीवर १ लाख १० हजार रुपये. इलेक्ट्रिक कारला हा कर माफ आहे. त्यामुळे तुलना करताना एक्स-शोरूम किंमत बघू नका, दोन्ही गाड्यांची ऑन-रोड किंमत शेजारी ठेवा.

दुसरा फायदा टोलमाफीचा. ती आहे अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर. इथे खान्देशची पंचाईत होते, कारण या तिन्हींपैकी एकही रस्ता जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातून जात नाही. इथली रोजची धाव आहे नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. त्यावरच्या सबगव्हाण किंवा नशिराबादच्या टोलनाक्यावर गाडी इलेक्ट्रिक आहे म्हणून टोल सुटत नाही. खान्देशातल्या गाडीमालकाच्या कामाचा आहे तो वार्षिक फास्टॅग पास. ऑगस्ट २०२५ मध्ये ३ हजार रुपयांना सुरू झालेला हा पास राष्ट्रीय महामार्गांवर वर्षभरात २०० फेऱ्यांसाठी चालतो. पण तो पेट्रोल, डिझेल, इलेक्ट्रिक अशा सगळ्याच खासगी कारना मिळतो.

केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. त्यात खासगी कारच्या खरेदीवर अनुदान नाही. इलेक्ट्रिक गाड्यांवर जीएसटी मात्र ५ टक्केच आहे. गंमत म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे इलेक्ट्रिक महाग झाली नाही, पण समोरची पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोन किमतींमधलं अंतर पुन्हा वाढलं.

मग पैसे कधी वसूल होतात?

आता आकडेमोड. खालचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे दर घालून हाच हिशोब पुन्हा करा.

समजा कोणी रोज ६० किलोमीटर अप-डाऊन करतं. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,५०० किलोमीटर होतात. पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर महिन्याचा खर्च साधारण ९,८०० रुपये.

इलेक्ट्रिक कार एका युनिटला ७ किलोमीटर चालते असं धरू. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, तीही मोजली तर १,५०० किलोमीटरला सुमारे २४० युनिट लागतील. घरी युनिटला सरासरी १२ रुपये पडले तर खर्च २,८८० रुपये. महिन्याला जवळपास ७ हजारांची बचत, वर्षाला ८४ हजारांच्या आसपास. इलेक्ट्रिक गाडीसाठी ऑन-रोड अडीच लाख जास्त मोजले असतील, तर ते तीन वर्षांत वसूल होतात.

आता तीच गाडी महिन्याला फक्त ५०० किलोमीटर चालवा. पेट्रोलचा खर्च ३,३०० च्या आत, विजेचा ९६० रुपये. वर्षाची बचत साधारण २८ हजार. अडीच लाख वसूल व्हायला नऊ वर्षं लागतील. बहुतेक कंपन्यांची बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. म्हणजे पैसे सुटण्याआधीच वॉरंटी संपते.

तुलना फक्त पेट्रोलशी करून चालणार नाही. सीएनजी किलोला ९० रुपये आणि किलोमागे २५ किलोमीटर धरले, तर १,५०० किलोमीटरला ५,४०० रुपये लागतात. सीएनजी गाडीच्या तुलनेत इलेक्ट्रिकची बचत महिन्याला अडीच हजारांवर येते.

काही कंपन्या बॅटरी भाड्याने देतात. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा गाडीची सुरुवातीची किंमत ९ लाख ९९ हजार आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये होतं. किंमत कमी दिसते, पण वर काढलेल्या हिशोबात घरची वीज किलोमीटरला १ रुपया ९२ पैसे पडते. त्यात भाडं मिळवलं की ५ रुपये ४२ पैसे होतात. पेट्रोलचा खर्च येतो साडेसहा रुपये. अशा करारात दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे भरावे लागतील, हे सही करण्याआधी वाचून घ्या.

वीज बिलाचं काय होणार?

वरच्या हिशोबात १२ रुपये धरले, ते का? कारण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांमध्ये असतो. १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो.

एखाद्या घराचा वापर महिन्याला २०० युनिट आहे. त्यात गाडीचे २४० मिळवले की ४४० झाले. यातले १०० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि १४० तिसऱ्या टप्प्यात जातील. वरचा दर सगळ्या बिलाला लागत नाही, फक्त वरच्या युनिटना लागतो. पण गाडीचे सगळे युनिट वरचेच असतात. म्हणून बिलाला युनिटने भागून निघणारी सरासरी इथे कामाची नाही. मे महिन्यात कूलर-एसीमुळे वापर आधीच वाढलेला असतो, तेव्हा गाडीची वीज आणखी महाग पडते.

यावर एक मार्ग आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार गाडी चार्ज करण्यासाठी वेगळी वीज जोडणी मागता येते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण सोसायटीच्या कॉमन मीटरवरून चार्जिंग केलं की बिल कोणी भरायचं यावरून वाद ठरलेला. वेगळ्या मीटरचा स्थिर आकार आणि दर महावितरणच्या कार्यालयात विचारून मगच अर्ज करावा.

स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. पण अप-डाऊन करणाऱ्याची गाडी त्या वेळेत ऑफिसबाहेर उभी असते. त्याला ही सवलत मिळणार रविवारीच.

घराचं छत स्वतःचं असेल तर सोलरचा विचार होऊ शकतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. खान्देशच्या उन्हात अशी यंत्रणा महिन्याला ३०० युनिटच्या आसपास वीज देऊ शकते. नेट मीटरिंगमुळे दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी एक इशारा. शेतीपंपाच्या जोडणीवर कार चार्ज करणं म्हणजे विजेचा अनधिकृत वापर. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्याचं दंडात्मक बिल येऊ शकतं.

घरात काय तयारी लागते?

गाडीसोबत येणारा साधा चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो. तो १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. २४ युनिटची बॅटरी भरायला त्याला आठ-नऊ तास लागतात, ३८ युनिटच्या बॅटरीला साधारण १४ तास. ७.२ किलोवॉटचा चार्जर निम्म्याहून कमी वेळ घेतो, पण त्यासाठी घराचा मंजूर भार वाढवावा लागू शकतो.

जुन्या घरांत खरी अडचण अर्थिंगची असते. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर सुरूच होत नाही, किंवा मध्येच बंद पडतो. चांगल्या वायरमनकडून मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर, एमसीबी आणि आरसीसीबी बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर रात्रभर गाडी लावणं धोक्याचं आहे. एवढा वेळ सलग भार ओढला की साधा बोर्ड तापतो आणि वितळू शकतो.

४५ अंशांत बॅटरी टिकते का?

जळगाव आणि भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. बॅटरीला सतत जास्त उष्णता मानवत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कारमध्ये एलएफपी प्रकारच्या बॅटरी आहेत. त्या उष्णता तुलनेने चांगली सहन करतात. त्यात द्रवाने बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा असेल तर आणखी बरं. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला हे दोन प्रश्न विचाराच: बॅटरी कुठल्या प्रकारची आणि ती थंड कशी होते?

रोजच्या वापरात तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ. गाडी सावलीत लावा. भर दुपारी लांबून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, थोडी निवू द्या. घरी चार्जिंग होत असेल तर फास्ट चार्जिंग गरजेपुरतंच करा.

उन्हाचा परिणाम पल्ल्यावरही होतो. कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो. पूर्ण एसी आणि महामार्गावरचा वेग धरला तर त्याच्या ६५ ते ७५ टक्के मिळतील असं समजून चाला. ३१५ किलोमीटरचा दावा म्हणजे हातात २०५ ते २३५. जळगाव-धुळे-जळगाव फेरी त्यात बसते, पण मधेच अमळनेरला पाहुण्यांकडे जायचं ठरलं तर धाकधूक सुरू.

लांबच्या प्रवासाचं काय?

धुळे-नाशिक सुमारे १६० किलोमीटर, जळगाव-छत्रपती संभाजीनगरही तेवढंच. दोन्ही वाटांवर घाट आहेत. चढताना बॅटरी झपाट्याने उतरते, उतारावर थोडी परत भरते. जळगाव-पुणे हे सुमारे ४०० किलोमीटरचं अंतर मात्र वाटेत चार्ज केल्याशिवाय होणार नाही.

राज्याच्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन उभारण्याचं उद्दिष्ट आहे. ते प्रत्यक्षात येईपर्यंत निघण्याआधी अ‍ॅपवर स्टेशन शोधणं आलंच. महावितरणचं पॉवरअप अ‍ॅप आहे, खासगी कंपन्यांची आपापली अ‍ॅप आहेत. स्टेशन नकाशावर दिसणं आणि ते चालू असणं यात फरक असतो. त्यामुळे अलीकडच्या वापरकर्त्यांच्या नोंदी वाचा, तिथे सीसीएस-२ गन आहे का ते बघा आणि दुसरं स्टेशन हाताशी ठेवा. ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं, म्हणून १०० टक्क्यांसाठी थांबण्यात वेळ जातो.

बाहेरची वीज महागही पडते. करासह युनिटला २४ रुपये धरले तर १,५०० किलोमीटरचा खर्च ५,७६० रुपयांवर जातो. हा सीएनजीपेक्षा जास्त आहे. ज्याच्याकडे घरी चार्जिंगची सोय नाही, त्याच्यासाठी इलेक्ट्रिक कारचं गणित इथेच बिघडतं.

वीज इथली, सोय कुठली?

खान्देश विजेच्या बाबतीत मागास नाही. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. कोळसा, ऊन आणि वारा या तिन्हींपासून वीज तयार करणाऱ्या या पट्ट्याला इलेक्ट्रिक गाडीच्या धोरणातली टोलमाफी मात्र या जिल्ह्यांबाहेर गेल्यावरच मिळते. इथल्या माणसाला जास्त गरज आहे ती महामार्ग ५३ वर भरवशाच्या चार्जिंगची, बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये दिवसा लावता येईल अशा साध्या सॉकेटची. ते झालं तर ९ ते ५ ची सवलतही अप-डाऊनवाल्यांच्या उपयोगी पडेल.

तोवर बुकिंगची रक्कम भरण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा:

१. महिन्याला खरोखर किती किलोमीटर होतात? हजाराच्या आत असतील तर घाई नको.
२. रात्री गाडी उभी राहते तिथे स्वतःच्या मीटरची वायर पोहोचते का?
३. मे महिन्याच्या वीज बिलात किती युनिट होते? गाडीचे युनिट त्याच्यावर चढणार आहेत.
४. जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि तिथे बॅटरीचं काम होतं की गाडी नाशिकला पाठवतात?
५. महिन्यातून किती वेळा २०० किलोमीटरपलीकडे जावं लागतं, आणि त्यासाठी घरात दुसरी गाडी किंवा रेल्वेचा पर्याय आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अनुकूल असतील तर इलेक्ट्रिक कार खान्देशातही पैसे वाचवते. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल, तर आधी सोसायटीची बैठक लावा, शोरूमला नंतर जा.