बाणाला बंदुकीचे कलम कशाला?

अमेरिकेतील अनेक गावांच्या आणि शहरांच्या उपविधींमध्ये वस्तीत शस्त्र झाडण्यास मनाई करणारे एक कलम असते. ते मुळात बंदुकीसाठी लिहिलेले. पुढे कधीतरी त्यात छर्‍यांची बंदूक आली, मग गलोल आली, आणि यादीच्या शेपटाला धनुष्यबाणही जोडला गेला. परिणाम असा, की घरामागच्या हिरवळीवर फोमच्या ठोकळ्यावर बाण सोडणारी दहा वर्षांची मुलगी आणि त्याच हिरवळीवर पिस्तूल चालवणारा इसम एकाच गुन्ह्याचे धनी ठरतात. याबाबत साऱ्या देशाला लागू असा एक कायदा नाही. राज्ये पालिकांना अधिकार देतात आणि पालिका आपापल्या मर्जीने कलमे लिहितात, त्यामुळे एका टाउनशिपमध्ये चालणारी गोष्ट रस्ता ओलांडला की दंडाला पात्र होऊ शकते. कुठे सरसकट बंदी, कुठे किमान एकरांची अट, कुठे शेजारच्या घरापासून ठरावीक अंतर, तर कुठे पोलीसप्रमुखाची लेखी परवानगी. घरमालकाला हे सहसा कळते ते शेजाऱ्याने तक्रारीचा फोन केल्यावर.

बाण निरुपद्रवी असतो, असा दावा तिरंदाजीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी चुकूनही करू नये. शिकारीच्या कंपाउंड धनुष्यातून सुमारे २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्यात ९० जूलहून अधिक ऊर्जा असते. स्पर्धेतील रिकर्व्ह धनुष्याचा २० ग्रॅमचा बाण ६० मीटरच्या वेगाने निघाला तर ती ३६ जूल भरते. मुलांच्या पंधरा पौंड ओढीच्या धनुष्यात ती दहाच्या आसपास राहते. डोळा जायला तेवढीही पुरे. मात्र एकाच ‘धनुष्य’ या शब्दाखाली जवळजवळ नऊपट फरकाची साधने बसतात, आणि कलम लिहिणाऱ्यांना हा फरक दिसतच नाही. बंदुकीशी तुलना करायची तर ऊर्जेपेक्षा पल्ला महत्त्वाचा. सर्वांत हलक्या समजल्या जाणाऱ्या .२२ बोअरच्या गोळीच्या खोक्यावरही ती दीड मैलांपर्यंत जाऊ शकते, असा इशारा छापलेला असतो. स्पर्धेचा बाण तिरका वर सोडला तरी काही शे मीटरांत जमिनीवर येतो, आणि लक्ष्यावर बसला तर दाबलेल्या फोमचा वीत-दीड वीत जाडीचा ठोकळा त्याला अडवतो. आवाजाचा प्रश्न तर उद्भवतच नाही. वस्तीत गोळीबार नको, यामागे आवाजाने उडणारी घबराट हेही एक कारण आहे. बाणाच्या बाबतीत ते गैरलागू आहे.

धोका नेमका कुठे आहे, हे उपविधी लिहिणाऱ्यांनी मोजून पाहिलेले दिसत नाही. धनुष्य धरणाऱ्याचा हात जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. अमेरिकी परसाचे लाकडी कुंपण सहा फूट, म्हणजे १.८ मीटर उंच. असे कुंपण दहा मीटरवर असेल, तर ६० मीटर वेगाने सुटलेला बाण त्यावरून जायला जेमतेम अडीच अंशांची चूक पुरते. नवशिके ओढ जमावी म्हणून धनुष्य आभाळाकडे उचलतात आणि मग खाली आणतात. त्याच क्षणी दोरी निसटली, तर बाण कुंपणाच्या कितीतरी वरून शेजारच्या अंगणात जातो. त्यामुळे शेजाऱ्याची भीती खोटी नाही. पण या गणिताची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. तीन मीटर रुंद आणि तितकीच उंच बाणरोधक जाळी पाच मीटरवर टांगली, तर डावीकडे, उजवीकडे आणि वर सुमारे सतरा अंशांपर्यंतची चूक ती पोटात घेते. तीच जाळी तीस मीटरवर नेली, तर तीन अंशांचेही संरक्षण उरत नाही. म्हणजे लहान परसात, जवळून, मोठ्या आडोशासमोर केलेला सराव हा मोकळ्या मैदानावर आडोशाविना केलेल्या सरावापेक्षा सुरक्षित असू शकतो. एकरांची अट घालणारे कलम हे पार उलटे धरते: जागा मोठी तर बाण सुरक्षित. मोठ्या जागेच्या टोकाला, कुंपणाला लागून ठोकळा ठेवणाऱ्याला ते काहीच विचारत नाही.

जवळून सराव म्हणजे पोरखेळ, असाही गैरसमज आहे. मैदानी स्पर्धेत रिकर्व्हचे अंतर ७० मीटर, कंपाउंडचे ५० आणि बंदिस्त जागेत १८ मीटर. एवढे परस कोणाकडे नसते, आणि लागतही नाही. खांदा, कोपर आणि दोरी सोडणारी बोटे वळणावर आणण्यासाठी प्रशिक्षक खेळाडूला तीन ते पाच मीटरवरून, लक्ष्याचा रंगीत कागद न लावता, कोऱ्या ठोकळ्यावर बाण सोडायला लावतात. कुठे लागला हे पाहायचेच नसते. हात कसा सुटला तेवढे पाहायचे. हा सराव रोजचा, अर्ध्या-पाऊण तासाचा. त्यासाठी वीस मैलांवरच्या क्लबला जाणे नोकरदार घराला जमत नाही, आणि सरसकट बंदीने मारला जातो तो नेमका हाच सराव.

अंतराच्या अटी कशा असाव्यात, याचे उत्तर काही राज्यांच्या शिकार कायद्यांनीच देऊन ठेवले आहे. न्यूयॉर्क राज्यात वस्तीच्या घरापासून ५०० फूट हे अंतर पूर्वी बंदूक आणि धनुष्य दोघांनाही लागू होते. २०१४ मध्ये ते साध्या धनुष्यासाठी १५० फूट आणि क्रॉसबोसाठी २५० फूट केले गेले. बंदुकीसाठी ५०० कायम राहिले. पेनसिल्व्हेनियात बंदुकीला १५० यार्ड, धनुष्याला ५०. दोन्ही ठिकाणी घरात राहणाऱ्याची संमती असेल तर त्या घरापुरती अट सुटते. ही अंतरे मोकळ्या रानात, हलत्या जनावरावर, आडोशाविना सोडलेल्या बाणासाठी आहेत, हे विसरता कामा नये. तीच जशीच्या तशी उचलून निवासी भागात लावली, तर पाव एकराच्या, म्हणजे दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर ती पाळता येणे अशक्य. तिथे शेजारचे घर १५० फुटांवर नसतेच. टेक्सासच्या कायद्यात दहा एकरांचा आकडा येतो खरा, पण तो पालिकांना आवरण्यासाठी. शहराच्या वेशीबाहेरील नियंत्रणक्षेत्रात किंवा १ सप्टेंबर १९८१ नंतर शहरात सामील झालेल्या भागात, दहा एकर वा अधिक जागा, परक्या घरापासून १५० फुटांहून जास्त अंतर आणि बाण हद्दीबाहेर जाण्याची वाजवी शक्यता नाही, अशी स्थिती असेल तर पालिकेला तिथे धनुष्यावर निर्बंध लावता येत नाहीत. यातली शेवटची अट खरी मोलाची. निवासी भागासाठी तेवढी एकच उचलावी.

बंदीचे समर्थक लॉन डार्टचे उदाहरण हमखास देतात. धातूच्या टोकाचे ते जड फेकबाण घरोघरी परसात खेळले जात. मुलांचे मृत्यू झाल्यावर डिसेंबर १९८८ मध्ये त्यांची विक्री देशभर बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पण तो डार्ट उंच फेकायचा असे आणि वरून खाली पडायचा, म्हणजे त्याला आडोसा लावणे शक्यच नव्हते. बाण सरळ जातो, त्यामुळे त्याच्यापुढे भिंत उभी करता येते.

सार्वजनिक धोरणातली विसंगती तर डोळ्यांत भरणारी आहे. २००२ मध्ये केंटकी राज्यात सुरू झालेल्या शालेय तिरंदाजी कार्यक्रमात चौथी ते बारावीची मुले शाळेच्या व्यायामशाळेत, छपराखाली, १० आणि १५ मीटरवरून बाण सोडतात. मागे जाळी, पुढे रेषा आणि शिक्षकाच्या तोंडात शिटी: दोनदा वाजली की धनुष्य घेऊन रेषेवर, एकदा वाजली की बाण सोडा, तीनदा वाजली की बाण काढायला चला, पाच किंवा जास्त वेळा वाजली की सगळे जागच्या जागी थांबवा. ही शिस्त शिकलेल्या मुलाला घरी तेच धनुष्य काढायला मात्र अनेक गावांत बंदी. दुसरीकडे पिट्सबर्ग शहराने २०२३ मध्ये हरणांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी फ्रिक आणि रिव्हरव्ह्यू या शहरी उद्यानांत निवडक धनुर्धार्‍यांना शिकारीची मुभा दिली. शहरात बंदूक चालत नाही आणि बाण चालतो, हा भेद तिथे प्रशासनाला नेमका कळतो.

हा विषय अमेरिकेतील मराठी घरांना परका नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्यातच घडलेला नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेतेपदे मिळवली. त्यानंतर एखाद्या मुलाने उपनगरातल्या घरी धनुष्य मागितले, तर पालकांनी दुकानात जाण्याआधी पालिकेचा उपविधी वाचणे बरे.

पालिकांनी करायची दुरुस्ती फार मोठी नाही. शस्त्र झाडण्याच्या कलमातून धनुष्य वगळून त्यासाठी वेगळे कलम लिहावे. त्याची कसोटी एकच: बाण हद्दीबाहेर जाता कामा नये. लक्ष्यामागे पुरेशी रुंद-उंच जाळी किंवा भिंत असावी, तिची मापे अंतराच्या प्रमाणात ठरवावीत. नेमाची दिशा रस्ता, पायवाट आणि शेजारच्या दारा-खिडक्यांकडे नसावी. मुलांसोबत प्रौढ माणूस हजर असावा. शिकारीचे पातेदार फाळ आणि क्रॉसबो निवासी प्लॉटवर नकोतच, आणि याबाबत बंदीवाल्यांशी वाद घालण्याचे काही कारण नाही. आडोशाशिवाय एक बाण जरी सुटला, तरी दंड जबर असावा. अंतराची अट ठेवायचीच असेल, तर शेजाऱ्याच्या लेखी संमतीने ती शिथिल व्हावी, शिकार कायद्यात होते तशी.

उपविधी बदलला तरी गृहसंकुलाच्या करारातील अट वेगळी उरते. तो पालिकेचा कायदा नसून घर घेताना सही केलेला खाजगी करार असतो. त्यात धनुष्याला मनाई असेल, तर ती उठवायला संकुलाच्या सभासदांचेच मतदान लागते आणि किती टक्के मते हवीत हे त्याच कागदात लिहिलेले असते.