इन्सुलिनवरचे आरोप

इन्सुलिन म्हणजे मधुमेहाची शेवटची पायरी, एकदा सुरू झाले की सुटत नाही, आणि पुढे डोळे व किडनी जातात, असे त्र्यंबकेश्वरात आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या पाड्यांवर आजही मानले जाते. हा समज उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यामागे डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी आहे. इन्सुलिन घेणाऱ्या काहींची दृष्टी खरोखरच गेलेली असते. पण आधी काय घडले आणि नंतर काय, हे तपासले पाहिजे. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद वर्षागणिक घटते. गोळ्यांवर साखर आवरेनाशी झाली तरी भीतीपोटी माणूस पाच-सात वर्षे सुई टाळतो, आणि डोळ्यांचा पडदा त्याच काळात बिघडतो. मग सुई सुरू होते आणि दोष तिच्या माथी बसतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात ५,००० हून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला गेला. त्याचे १९९८ साली आलेले निष्कर्ष उलटे आहेत. इन्सुलिनने किंवा गोळ्यांनी साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे-किडनीसारखे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. सुटत नाही, हेही सरसकट खरे नाही. शस्त्रक्रिया, गंभीर जंतुसंसर्ग किंवा गरोदरपणापुरते इन्सुलिन देऊन नंतर ते अनेकदा थांबवता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘रोज टोचतो, तरी साखर उतरत नाही.’ याचे उत्तर बहुतेकदा पोटाच्या कातडीत सापडते. सोयीची, दुखत नाही अशी एकच जागा धरून महिनोन् महिने टोचले की तिथे चरबीची रबरी गाठ तयार होते. तिथले इन्सुलिन कधी रेंगाळते, कधी एकदम रक्तात उतरते. साखर वाढलेली दिसली की मात्रा वाढवली जाते, आणि गाठ तशीच राहते. सुई पुन्हा पुन्हा वापरल्याने ती बोथट होते आणि गाठीचा धोका वाढतो. त्यात सिरिंजचा घोळ. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते, त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० युनिटची. ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात जातात फक्त ८ युनिट. दुधी इन्सुलिन तळव्यांत हळुवार घोळवून एकजीव केले नाही, तरी मात्रा बिघडते. फ्रीज नसलेल्या पाड्यावर वापरातली कुपी गार मातीच्या मडक्यात, पाणी न लागू देता ठेवता येते; बर्फात गोठलेली मात्र टाकून द्यावी. हे सगळे हाताळणीचे दोष आहेत, आणि हाताळणी शिकवता येते.

साखर एकदम खाली जाण्याची भीती खोटी नाही; वजन थोडे वाढते हेही खरे. त्र्यंबकला या भीतीला खास प्रसंग आहेत: निवृत्तिनाथांच्या यात्रेची पौष वद्य एकादशी आणि श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी. मांडीत टोचून लगेच डोंगराची वाट धरली की इन्सुलिन लवकर शोषले जाते. उलट साबुदाण्याने आणि बटाट्याने उपवासातच साखर चढते. म्हणून मनानेच सुई बंद करू नये, त्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी आणि खिशात साखर ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर लगेच.

रोज नवी सुई गरिबाने आणायची कुठून, हा प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. पण तो इन्सुलिनविरुद्धचा पुरावा ठरत नाही. सरकारी दवाखान्याने कुपीबरोबर सुयाही द्याव्यात, ही मागणी त्यातून निघते. त्याबरोबर परिचारिकेने दर भेटीत पोट आणि मांडी हाताने चाचपावी, सिरिंज रुग्णालाच भरून दाखवायला लावावी. गाठ सापडली तर जागा बदलायची, दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर अंतर सोडायचे. मात्र चांगल्या कातडीत तीच मात्रा अधिक जोरात लागते. त्यामुळे जागा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करून घ्यावी आणि पहिले काही दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी.